नवागामची साडेसातची फेरी

बसमध्ये बावन्न माणसं बसली होती आणि त्यांतला एकही प्रवासी नव्हता.

पुढच्या सीटवर आमचे हेडक्लार्क जरीवाला होते. त्यांच्या मागे वर्कशॉपमधले फिटर, खाकी पँटवर घरचे रंगीत शर्ट घालून. मधल्या सीटवर एका मेकॅनिकची सासू, सासूची बहीण आणि नाश्त्याचा स्टीलचा डबा. शेवटच्या लांब सीटवर सगळा टायर सेक्शन. मी दाराजवळ पॅड आणि पेन घेऊन उभी होते. ही माणसं मोजून कागदावर लिहायची, हे माझं काम.

बस नवागामच्या स्टॉपला उभी होती. सकाळचे सात पंचवीस झाले होते. समोरून गांधीनगरचे परमारसाहेब बॅग घेऊन चालत येत होते. आमचे देसाईसाहेब माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "सुनंदाबेन, तुम्ही फक्त आकडा सांगायचा. बाकी बोलायचं काम माझं."

आम्ही या अवस्थेला कसे पोचलो, ते आधी सांगते.

मी सुनंदा बोरसे. मूळ धुळ्याची, पण वाढले सुरतेत, उधन्याला. सरकारी बससेवेत स्टॅटिस्टिकल असिस्टंट म्हणून नोकरी केली. नाव भारदस्त आहे, काम साधं. कुठल्या फेरीत किती माणसं बसतात ते मोजायचं, तक्ता करायचा, वर पाठवायचा. त्या तक्त्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे लोड फॅक्टर. बसमधल्या एकूण जागांपैकी सरासरी किती भरल्या, त्याची टक्केवारी. बस भरली की आकडा चढतो, रिकामी धावली की पडतो. आमच्या ऑफिसात लोक एकमेकांच्या तब्येतीपेक्षा लोड फॅक्टरची चौकशी जास्त करायचे.

काही फेऱ्या तोट्यातच चालणार हे सरकारलाही माहीत होतं. कामगारवस्ती, लांबची गावं, शाळा. अशा फेऱ्यांसाठी सरकार मदत द्यायचं. पण मदत द्यायची तर बघायलाही हवं, की बसमध्ये कुणी बसतं की नाही. म्हणून अधूनमधून गांधीनगरहून एक साहेब यायचा, फेरीत बसायचा आणि शेरा मारायचा. 'चालू ठेवावी' किंवा 'बंद करावी.' तिसरा शेरा नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सुरत तेव्हा नुसती वाढत होती. नवागाम, दिंडोली, पांडेसरा, बमरोली, सगळीकडे लूम, म्हणजे यंत्रमाग, आणि लूमवाल्यांच्या चाळी. खानदेशातून रोज कुणी ना कुणी पोतं आणि ट्रंक घेऊन उतरायचं. आणि या सगळ्या गर्दीतून जाणारी आमची नवागाम–बमरोली ही साडेसातची फेरी रिकामी धावायची. तोट्याच्या फेऱ्यांच्या यादीत तिच्या नावापुढे लाल फुली होती. परमारसाहेब पंधरा दिवसांनी येणार, असं पत्र आलं.

देसाईसाहेबांनी मला बोलावलं. ते आमचे ट्रॅफिक ऑफिसर. माणूस दुष्ट नव्हता. फक्त फाईल नीट दिसली म्हणजे जग नीट चाललंय, असं त्यांना मनापासून वाटायचं.

"बेन, आठवडाभर त्या फेरीत बसा. बस रिकामी का जाते, ते शोधा."

मी बसले. पहिल्या दिवशी बसमध्ये ड्रायव्हर, कंडक्टर महाजन, मी आणि एक म्हातारी. दुसऱ्या दिवशीही तेच चौघं. म्हातारी रोज पहिल्या सीटवर खिडकीशी बसायची, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत तेलाची बाटली. मी फॉर्मवरचे प्रश्न गुजरातीत विचारले. बस वेळेवर येते का? सोयीची आहे का? तिने प्रत्येक प्रश्नाला मान हलवली. मी प्रत्येक रकान्यात 'हो' लिहिलं.

तिसऱ्या दिवशी खड्ड्यात बस आदळली आणि म्हातारी ओरडली, "अरे भाऊ, हळू चालाड ना!"

माझे कान टवकारले. ही तर आमच्या घरची अहिराणी. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. "मावशी, कोठल्या शेतस तुम्ही?"

"शिरपूरकडली. तू आपलीच शे का? मंग इतला येळ गुजराथीमा काय बोली रायनी?"

तिचं नाव चंपाबाई. नवागामात बाळंतिणींना आणि बाळांना मालिश करायची, सकाळी त्यासाठीच पांडेसऱ्यालाही जायची. बाळाची अंघोळ सातला झाली काय नि नऊला झाली काय, तिला फरक पडत नव्हता. म्हणून तिला साडेसातची बस चालायची.

"आणि बाकीचे लोक?" मी विचारलं. "बस रिकामी का?"

चंपाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की हिला सरकारने नोकरीवर घेतलंच कसं. "सातले खातं चालू व्हस. तुमनी बस येस साडेसातले. कोन बसी इनामा?"

सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. खातं सातला सुरू, आमची बस साडेसातला. यात बसणार कोण?

सातच्या पाळीची माणसं सव्वासहालाच निघायची, चालत. उधन्याला रेल्वेचे रूळ ओलांडायचे आणि पुढे पांडेसरा, बमरोली. पाच मिनिटं उशीर झाला तर मुकादम दारातून परत पाठवायचा. चंपाबाईंची सून मंगल बमरोलीला साडीच्या फोल्डिंगमध्ये होती. तिला सहावा महिना लागला होता. तीही रोज रूळ ओलांडून चालत जायची. शेअर रिक्षात बायकांना ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसावं लागतं, म्हणून ती रिक्षात बसत नसे.

"तिले सांगं, हळू चाल," चंपाबाई म्हणाल्या. "पन हळू चालनं तं खातं थोडी थांबस?"

मी ऑफिसात येऊन जुन्या फाईली काढल्या. ही साडेसातची वेळ आली कुठून? एका जाड फाईलच्या तळाशी उत्तर सापडलं. फेरी सुरू झाली तेव्हा त्या बाजूला एक मोठी गिरणी होती. तिची पाळी आठला लागायची, म्हणून बस साडेसातला. गिरणी बंद पडून कैक वर्षं झाली होती. जागेवर गोदामं उभी राहिली होती. आमची बस मात्र इमानेइतबारे त्या गिरणीसाठी धावत होती.

मी धावतच देसाईसाहेबांकडे गेले. खरं सांगायचं तर मला शाबासकीची अपेक्षा होती.

"साहेब, फेरी सव्वातास आधी न्या. सव्वासहाला. बस भरेल."

साहेबांनी चष्मा काढला. "बेन, टाइम बदलायचा म्हणजे शेड्यूल बदलायचं. शेड्यूल बदलायचं म्हणजे ड्रायव्हरची ड्यूटी बदलायची. मग युनियन येणार. मग फाईल वडी कचेरीला जाणार."

वडी कचेरी म्हणजे आमचं हेड ऑफिस. तिथे गेलेली फाईल परत यायला आठ-दहा महिने लागायचे.

"आणि परमार येतोय पंधरा दिवसांत," साहेब म्हणाले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "टेन्शन ना लो. एक दिवस बस भरलेली दिसली म्हणजे झालं ना? आपल्याकडे माणसांची काय कमी आहे?"

अशी ती बावन्न माणसं जमली. सर्वांना डेपोतून बसवून आणलं, वर नाश्ता. मेकॅनिकच्या सासूला तर ही सहल वाटत होती.

परमारसाहेब बसमध्ये चढले. उंच, वाळकेसे, गळ्यात मफलर. त्यांनी आत नजर फिरवली. देसाईसाहेबांनी एका फिटरला उठवून त्यांना जागा दिली.

"ही बस इथूनच सुटते ना?" परमारसाहेबांनी विचारलं.

"हो साहेब. हा पहिलाच स्टॉप."

"मग ही माणसं कुठे बसली?"

देसाईसाहेबांनी चष्मा नीट केला. हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. "लोक वेळेच्या आधीच येऊन बसतात, साहेब. उत्साह फार आहे."

परमारसाहेबांनी काहीतरी लिहिलं. मग शेजारच्या फिटरला विचारलं, "कुठे उतरणार?"

"बमरोली."

"बमरोलीत कुठे?"

फिटरने आमच्याकडे बघितलं. "तिथून परत."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी पॅडमध्ये डोकं घातलं. महाजनने घाईने घंटी मारली. बस हलली तेवढ्यात मागून हाका ऐकू आल्या. चंपाबाई पिशवी छातीशी धरून धावत येत होत्या.

"जाऊ दे, जाऊ दे," देसाईसाहेब ड्रायव्हरला हळूच म्हणाले. "फुल आहे."

"थांबवा," परमारसाहेब म्हणाले.

चंपाबाई चढल्या. धाप लागलेली. त्यांनी बस बघितली आणि तोंडाचा आ झाला. मग त्या सरळ आमच्या हेडक्लार्कसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ऊठ रे भाऊ, ती मनी जागा शे."

जरीवालांना शब्द कळले नसावेत, पण सूर कळला. ते उठले. चंपाबाई बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज काय कोनं लगीन शे का? रोज तं मी, डायवर आनि कंडक्टर, तीनच जन ऱ्हातस!"

"काय म्हणतायत या?" परमारसाहेबांनी विचारलं.

देसाईसाहेब तयार होते. "म्हणतायत, रोज अशीच गर्दी असते. आणखी एक बस द्या म्हणतायत."

परमारसाहेब माझ्याकडे वळले. "बेन, तुमचं नाव बोरसे ना? मराठी. तुम्ही सांगा, काय म्हणाल्या?"

महाजनला अहिराणी येत होती. तो खिडकीबाहेर बघायला लागला. देसाईसाहेब माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत माझं पुढचं प्रमोशन, माझी उधन्याजवळची पोस्टिंग, सगळं होतं. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. बदली दूर हजीऱ्याकडे झाली असती तर तिला शाळेतून आणणार कोण, हा विचारही माझ्या डोक्यातून गेला. मी धीट बाई नाही. सांगायला चांगलं वाटतं म्हणून आता धीट असल्यासारखं सांगत नाही. पण चंपाबाई माझ्याकडे विश्वासाने बघत होत्या. त्यांना वाटत होतं, ही आपली पोरगी आपलं म्हणणं नीट सांगेल.

"साहेब," मी म्हणाले, "त्या विचारतायत, आज कुणाचं लग्न आहे का. रोज या बसमध्ये त्या एकट्याच असतात."

परमारसाहेबांनी माझ्या पॅडकडे बोट केलं.

"तुमच्या कागदावर आकडा काय आहे?"

"अजून लिहिला नाही, साहेब. प्रवासी विचाराल तर एक."

मागून मेकॅनिकच्या सासूचा आवाज आला. "मग आम्ही उतरायचं का?"

परमारसाहेबांनी बॅग बंद केली. रागावले असतील असं वाटलं, पण चेहरा कोराच होता. "देसाई, परवा माझा रिपोर्ट जाईल. फेरी बंद."

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण एकदा तोंड उघडलंच होतं. "साहेब, बंद करायची तर करा. पण त्याआधी उद्या सकाळी सव्वासहाला नवागामच्या नाक्यावर या. या फेरीचे प्रवासी दाखवते."

"म्हणजे उद्या आणखी बावन्न?"

"नाही साहेब. उद्याचे आमचे नाहीत."

त्या दिवशी ऑफिसात माझ्याशी कुणी बोललं नाही. फक्त जरीवाला चहा घेऊन आले आणि म्हणाले, "म्हातारीने उठवलं मला. माझ्या बायकोने सुद्धा कधी असं उठवलं नाही."

दुसऱ्या दिवशी सहाला मी नवागामच्या नाक्यावर उभी होते. साहेब येतील याची खात्री नव्हती. सहा दहाला रिक्षा थांबली आणि मफलर उतरला. पाठोपाठ स्कूटरवर देसाईसाहेब, दाढी न करता.

आणि माणसं निघाली. गल्लीगल्लीतून डबे घेतलेली माणसं बाहेर पडत होती आणि एकाच दिशेला चालत होती. परमारसाहेब मोजायला लागले. दोनशेच्या आसपास कुठेतरी त्यांनी सोडून दिलं आणि सरळ लोकांबरोबर चालायला लागले. आम्ही मागे.

रुळांपाशी गर्दी थांबली. मालगाडी जात होती. ती गेली आणि लोक खडीवरून पलीकडे जायला लागले. बायका साड्या वर खोचून. मंगलला मी चंपाबाईंच्या घरी एकदा भेटले होते. ती एका हाताने मैत्रिणीचा खांदा धरून जपून पाय टाकत होती. परमारसाहेबांचा बूट खडीत सरकला आणि ते एका गुडघ्यावर आले. मंगलच्या मैत्रिणीनेच त्यांना हात दिला.

"बेटा, बस से क्यूँ नहीं जाते?" त्यांनी मंगलला विचारलं.

मंगलने आश्चर्याने त्यांच्याकडे बघितलं. "इधर बस आती है?"

परमारसाहेब रूळ ओलांडून पलीकडे गेले, पँटची धूळ झटकली आणि चहाच्या टपरीवर बसले.

"देसाई, टाइम बदला."

देसाईसाहेबांनी पुन्हा सगळं सांगितलं. शेड्यूल, युनियन, वडी कचेरी. यावेळी मात्र त्यांचा आवाज जरा खाली होता. त्यांनीही ते रूळ बघितले होते.

"टाइम बदलायचा अधिकार मलाही नाही," परमारसाहेब म्हणाले. "मी फक्त बंद करू शकतो." त्यांनी चहाचा घोट घेतला. मग थांबले. "आणि सरकारकडून नवीन फेरीची मागणी आली तर?"

देसाईसाहेबांनी चष्मा काढला. नियम त्यांना तोंडपाठ असायचे. "सरकारची मागणी असेल तर डिव्हिजन आपल्या अधिकारात फेरी सुरू करू शकते. तात्पुरती. वडी कचेरीला नुसतं कळवायचं."

"मग झालं. मागणीचं पत्र मी पाठवतो. जुनी फेरी बंद. नवीन फेरी सव्वासहाची, सरकारच्या मागणीवरून."

"पण बस तीच, रस्ता तोच," मी म्हणाले.

"बेन," देसाईसाहेब म्हणाले, "आता तुम्ही काही बोलू नका."

आठ दिवसांत आदेश निघाला. ज्या युनियनची आम्हाला एवढी धास्ती होती, ती आलीच नाही. उलट सव्वासहाच्या ड्यूटीसाठी सहा ड्रायव्हरांनी अर्ज केले. सकाळी लवकर सुरू होणारी ड्यूटी दुपारी लवकर सुटते. हे ड्रायव्हरांना कुणी आधी विचारलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी मी पॅड घेऊन बसमध्ये चढले. प्रवासी अकरा. दुसऱ्या दिवशी चौदा. देसाईसाहेब आकडा ऐकून नुसतं "हं" म्हणाले. मला रात्री झोप लागेना. मग लक्षात आलं, नोटीस आम्ही गुजरातीत लावली होती, तीही डेपोत. मी चंपाबाईंना गाठलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "सांगू का सगळास्ले?" त्या बाईची नवागामच्या निम्म्या घरांत ऊठबस. कुणाचं बाळ त्यांच्या हातून न्हालं नव्हतं? पुढच्या सोमवारी महाजन फूटबोर्डवर उभा होता, कारण त्याला स्वतःलाच आत जागा नव्हती.

चंपाबाईंना मात्र फटका बसला. त्यांची साडेसातची बस गेली. त्याही सव्वासहाला यायला लागल्या आणि खिडकीच्या जागेसाठी रोज कुणाशी तरी भांडायला लागल्या. मंगल बाळंतपणापर्यंत बसने गेली. मुलगी झाली. पहिली मालिश कुणी केली, ते सांगायला नकोच.

मला मेमो मिळाला. मेमो म्हणजे लेखी जाब. कारण दिलं होतं, 'वरिष्ठांची परवानगी न घेता भाषांतर केले.' मी उत्तर लिहिलं, 'पुढील वेळी परवानगी घेईन.' देसाईसाहेबांनी ते वाचलं, सही केली आणि फाईलला लावून टाकलं. बदली केली नाही. प्रमोशन दोन वर्षं उशिरा आलं, पण ते बहुतेक सगळ्यांचंच उशिरा यायचं.

सहा महिन्यांनी गांधीनगरहून पत्र आलं. वाटलं, अभिनंदन असेल. पत्रात लिहिलं होतं, या फेरीचा लोड फॅक्टर मर्यादेपेक्षा बराच जास्त आहे, तरी खुलासा करावा. खाली परमारसाहेबांची सही. आम्ही खुलाशात दुसरी बस मागितली. ती मिळाली, वर्षभराने.

या प्रकरणातून मी एकच गोष्ट शिकले आणि ती निवृत्त होईपर्यंत पाळली. बस रिकामी असली की बसमधल्या माणसांना प्रश्न विचारून काही उपयोग नाही. जे बसमध्ये नाहीत, त्यांना विचारायचं, आणि ते ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत. मी माझ्या सर्व्हे फॉर्मवर हाताने रेघ मारून एक नवा रकाना केला, 'रस्त्यावर चालणारे.' वडी कचेरीने तो फॉर्म परत पाठवला. वर शेरा होता, 'सदर रकाना कोणत्या परिपत्रकानुसार?'

मी परिपत्रक शोधलं. नव्हतं. रकाना तसाच ठेवला.